कुसळाने जाणारा डोळा आणि तीस टक्क्यांचा न्याय

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ही म्हण आपण सगळेच शाळेत शिकलो. म्हणीतले कुसळ म्हणजे क्षुल्लक गोष्ट. ज्याने कोणी ही म्हण केली तो भाताच्या खळ्यावर कधी उभा राहिला नसावा. मुरबाड-शहापूरच्या खळ्यावर आणि गवताच्या माळावर राबणाऱ्या माणसाच्या डोळ्यात जाणारे कुसळ क्षुल्लक नसते. त्याने डोळा जातो.

माळशेज घाटाच्या पायथ्याकडील वैशाखरे परिसरातून एक भगिनी आमच्याकडे आल्या होत्या. काम औषधपाण्याचे नव्हते, कागदाचे होते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा त्यांचा अर्ज परत आला होता. नवरा वारलेला, नावावर गुंठाभर जमीन नाही आणि उजव्या डोळ्याच्या बुबुळावर पांढरे फूल. गावातल्याच कोणीतरी अर्ज दिव्यांग या रकान्यात भरून दिला होता. डोळ्याला काय झाले, असे आम्ही विचारले. "दादा, कुसळ गेला व्हता, बाकी काय नाय," त्या म्हणाल्या.

बाकी जे झाले ते असे. भातझोडणीच्या वेळी कुसळ डोळ्यात गेले. शेजारणीने पदराचे टोक फिरवून ते काढले. रात्री डोळा लाल झाला, पाणी वाहू लागले. दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून चालणार नव्हते, म्हणून डोळ्याला फडके बांधून काम केले. तिसऱ्या दिवशी बाजाराला निघालेल्या माणसाजवळ पैसे दिले. त्याने एका मेडिकल दुकानातून डोळे आल्याचे थेंब आणले. थेंबांनी दोन दिवस बरे वाटले, लाली उतरली. नंतर ठणका असा सुरू झाला की रात्ररात्र झोप नाही. बुबुळावर पांढरा ठिपका उठला. शहरातल्या नेत्रतज्ज्ञापर्यंत त्या पोचल्या तेव्हा पंधरवडा उलटून गेला होता. बुरशीचा अल्सर आहे आणि फार उशीर झाला आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. ती थेंबांची बाटली त्यांनी जपून ठेवली होती. आम्ही तिच्यावरची बारीक अक्षरे वाचली. त्यात स्टेरॉईड होते.

डोळा गेला, पण प्रमाणपत्र मिळाले तीस टक्क्यांचे. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा, आणि टक्के मोजण्यासाठी त्याखाली मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यानुसार एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा धड असला तर अपंगत्व ३० टक्के धरतात. योजनांची दारे उघडतात ४० टक्क्यांना. टेबलामागच्या कारकुनाचा यात दोष नाही, त्याच्यापुढे कोष्टक आहे. आम्ही हे समजावून सांगितल्यावर त्या भगिनींनी विचारले, "मग दुसरा पन जायला पायजे काय?" वकिली करताना पुष्कळ प्रश्नांना उत्तरे देता येतात. या प्रश्नाला आम्हाला देता आले नाही.

मुळात हा डोळा जातो कसा, हे आपल्या समाजाला नीट कळले पाहिजे. डोळ्याच्या काळ्या भागावर पुढून एक पारदर्शक पडदा असतो. घड्याळाला जशी काच, तसा. त्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात, आपण बोलताना बुबुळच म्हणतो. मध्यावर त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तो काचेसारखा स्वच्छ राहतो. पण रक्त नाही म्हणूनच जंतू आत शिरले तर शरीराची फौज तिथे उशिरा पोचते. साधा ओरखडा स्वच्छ राहिला तर एक-दोन दिवसांत आपोआप भरून येतो. त्यात जंतू किंवा बुरशी शिरली तर जखम होते, जखम चिघळते आणि बरी झाली तरी मागे पांढरा व्रण ठेवते. यालाच आपल्याकडे डोळ्यात फूल पडले म्हणतात. मागचा डोळा शाबूत, नस शाबूत, पण पुढची काच गढूळ. घरात माणूस आहे आणि खिडकी चुन्याने रंगवली आहे, अशी ही स्थिती.

भाताचे पान, गवताची काडी, कुसळ, खळ्यावरची धूळ यांच्याबरोबर बुरशी येते. तमिळनाडूत मदुराईला डॉक्टरांनी अल्सरचे रुग्ण तपासले तेव्हा जवळपास निम्म्या रुग्णांत बुरशी सापडली. शहरी डॉक्टरांची पुस्तके जिथे लिहिली गेली त्या थंड देशांत हे प्रमाण अगदी कमी असते. आपल्याकडे भातशेती, दमट हवा आणि उघडे डोळे. बुरशीच्या जखमेत स्टेरॉईडचे थेंब पडले की लाली उतरते, माणसाला बरे वाटते आणि आत बुरशीला रान मोकळे मिळते. कायदा याबाबत मुका नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या शेड्यूल एचमधली औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. त्या शेड्यूलमधून कातडीवर लावायची मलमे वगळली आहेत, पण डोळ्याची औषधे वगळलेली नाहीत, हे तिथे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे कायदा करणाऱ्याला डोळ्याचा धोका ठाऊक होता. बाजारच्या दिवशी काउंटरवर मात्र 'डोळे आलेत' एवढे बोलणे पुरते.

निदानाला फार मोठी यंत्रसामग्री लागते असेही नाही. फ्लुओरेसिन नावाच्या नारिंगी रंगाची कागदी पट्टी ओली करून डोळ्याला लावायची आणि निळ्या उजेडात बघायचे. ओरखडा असेल तिथे हिरवे चमकते. एवढे काम प्राथमिक आरोग्य केंद्रात, अगदी उपकेंद्रातही होऊ शकते. पुढची पायरी स्लिट लॅम्प. त्यापुढे जखमेचा अगदी थोडा भाग खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. बुरशीचे तंतू असतील तर तिथल्या तिथे कळते. बुरशी निघाली तर नॅटामायसिनचे थेंब. २०१३ साली भारतातच झालेल्या मोठ्या चाचणीत हे जुने औषध नव्या महागड्या औषधापेक्षा सरस ठरले, आणि २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

पण औषध माहीत असणे वेगळे आणि ते डोळ्यात पडणे वेगळे. सुरुवातीला हे थेंब तासातासाला टाकावे लागतात. उपचार कित्येक आठवडे चालतो. कापणीच्या हंगामात मजूर बाईच्या डोळ्यात तासातासाला थेंब टाकायला घरी कोण बसणार? दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात, उचल घेतलेली असते, मुकादम थांबत नाही. फेरतपासणीची तारीख कागदावर राहते आणि माणूस भट्टीच्या धुरात असतो. म्हणून आमचे म्हणणे असे की, या आजाराची लढाई शहराच्या रुग्णालयात जिंकली जात नाही. ती पहिल्या एक-दोन दिवसांत, वाडीतच जिंकावी किंवा हरावी लागते.

हे आम्ही हवेत बोलत नाही. नेपाळात काठमांडूजवळ भक्तपूर आहे. तिथेही भात, तिथेही गरिबी. तिथे सुमारे पस्तीस हजार लोकवस्तीत गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांना शिकवले की, डोळ्याला मार लागलेला माणूस आला की रंग टाकून ओरखडा बघा, आणि असेल तर क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस लावा. दोन वर्षांत चारशेहून अधिक ओरखड्यांवर असा इलाज झाला. दुखापतीनंतर अठरा तासांच्या आत ज्यांना मलम लागले त्यांपैकी एकालाही अल्सर झाला नाही. २००१ साली हे प्रसिद्ध झाले. प्रामाणिकपणे पुढचेही सांगितले पाहिजे. नेपाळातच नंतर याहून मोठी, काटेकोर चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २०२२ मध्ये आला आणि त्यात असे सेवक नेमलेल्या व न नेमलेल्या भागांत अल्सरच्या प्रमाणात फरक दिसला नाही. काही जण म्हणतील, मग विषय संपला. आमच्या मते संपत नाही. सेवक नेमला म्हणजे मजूर त्याच्याकडे वेळेत पोचला असे होत नाही. मलमात जादू नाही, जे काही आहे ते अठरा तासांत आहे. ज्या मजुराला मजुरी बुडवून दार ठोठवावे लागते, त्याचे अठरा तास कापणीतच संपतात.

आता सरकारच्या डोळ्यातल्या मुसळाकडे वळू. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या कर्जातून सात राज्यांत मोतीबिंदूचा प्रकल्प राबवला गेला, त्यात महाराष्ट्र होता. तेव्हापासून डोळ्याची सेवा म्हणजे मोतीबिंदूचे उद्दिष्ट, असे समीकरण यंत्रणेच्या अंगवळणी पडले. शिबिरे भरतात, आकडे जुळतात, फोटो छापून येतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला आमचा विरोध असण्याचे कारण नाही, आमच्याच वस्तीतल्या कित्येक आज्या-आजोबांना तिने दृष्टी परत दिली. पण २०१५ ते २०१९ मधील राष्ट्रीय सर्वेक्षण काय सांगते ते बघा. पन्नाशीच्या पुढे अंधत्वाचे पहिले कारण मोतीबिंदू, ६६.२ टक्के. पन्नाशीच्या आत मात्र पहिले कारण बुबुळाचे रोग, ३७.५ टक्के. म्हणजे राबत्या वयातल्या माणसाचा डोळा मोतीबिंदूने नव्हे, बुबुळाने जातो. उद्दिष्ट मात्र मोतीबिंदूचे, कारण ते मोजता येते. न झालेला अल्सर कोणत्या रकान्यात भरायचा?

आणखी एक गोष्ट जाता जाता. अंधत्वाची सरकारी व्याख्या २०१७ मध्ये बदलली. पूर्वी सहा मीटरवरून बोटे मोजता आली नाहीत तर माणूस अंध, नंतर तीन मीटरवरून. जागतिक व्याख्येशी जुळवून घेतले हे कारण खरे आहे. पण अंधत्व घटल्याची भाषणे ऐकताना ही तीन मीटरची जमीन लक्षात ठेवावी. एका डोळ्याने गेलेला माणूस तर दोन्ही व्याख्यांत बसत नाही.

बसतो कुठे? मुरबाडला औद्योगिक वसाहत आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने जे कोष्टक घालून दिले, त्यात कामावर एका डोळ्याची दृष्टी गेली आणि दुसरा चांगला असला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असे धरून भरपाई मिळते. आकडा तोच, तीस. कारखान्यातल्या कामगाराला तीस टक्क्यांनी भरपाई मिळते, शेतातल्या बाईला त्याच तीस टक्क्यांनी नकार मिळतो. शेतीकामही त्या कायद्याच्या यादीत आले, पण ट्रॅक्टर किंवा यंत्राच्या बळावर चालणारे. विळ्याने कापणारा हात त्यात नाही. शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात अनुदान योजना आहे. अपघातात एक डोळा गेल्यास तीत एक लाखाची तरतूद आहे. पण ती सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. ज्याच्या नावावर जमीन आहे त्याचा डोळा डोळा, आणि ज्याच्या भाताची कापणी करताना जिचा गेला, तिचा? बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक का मांडले, हे अशा वेळी पुन्हा समजते. कोकणात हक्काचा कागद जमिनीतून निघतो आणि जमीन कोणाकडे राहिली हे आपण जाणतो.

नेत्रदानाचा विषय आला की आपले लोक म्हणतात, फूल पडले तर नवीन बुबुळ बसवता येते ना? येते. १९०५ साली एदुआर्द झिर्म नावाच्या डॉक्टरांनी तेव्हाच्या ऑस्ट्रियातल्या मोराव्हिया प्रांतात पहिले यशस्वी रोपण केले. तो रुग्णही मजूरच होता, चुन्याने त्याचे दोन्ही डोळे भाजले होते. (आपल्याकडे तंबाखूच्या चुन्याची पुडी फुटून लहान मुलांचे डोळे आजही जातात. चुना उडाला तर डॉक्टर शोधत बसू नका, आधी वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरून भरपूर वेळ धुवा.) भारतात पहिली नेत्रपेढी १९४५ साली मद्रासला निघाली. आज देशाला वर्षाला लाखभर रोपणांची गरज सांगितली जाते, होतात त्याच्या निम्म्यानेही नाहीत.

नेत्रदानात बौद्ध समाजाने पुढे असायला हवे, आणि आपण नाही, हे कबूल केले पाहिजे. डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळे व्हाल, ही भीती अजून आपल्याही वस्तीत ऐकू येते. ज्यांनी १९५६ ला दीक्षा घेतली, आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जातो ही कल्पनाच ज्या धम्मात नाही, त्यांच्या लेकरांनी असे म्हणावे? श्रीलंकेकडे बघा. बाबासाहेब १९५० साली जिथे बौद्ध परिषदेला गेले होते, त्याच देशात डॉ. हडसन सिल्वा यांनी १९५८ ला वर्तमानपत्रातून आवाहन केले आणि १९६१ ला नेत्रदान संस्था काढली. शिबी राजाने आपले डोळे दिल्याची जातककथा तिथे घरोघर माहीत आहे. त्या कथेतला याचक ब्राह्मणाच्या वेषात येतो, तो भाग आपण सोडून देऊ. त्या छोट्या देशाने जगभर हजारो बुबुळे पाठवली. माजी राष्ट्राध्यक्ष जयवर्धने १९९६ ला वारले, त्यांची बुबुळे जपानमधल्या रुग्णांना बसवली गेली.

कायद्याची अडचणही नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार डोळे कोणत्याही ठिकाणी काढता येतात, रुग्णालयच लागते असे नाही. म्हणजे वैशाखऱ्यातल्या कुडाच्या घरातही. २०११ च्या दुरुस्तीने प्रशिक्षित तंत्रज्ञालाही बुबुळ काढण्याची मुभा दिली. हयातीत फॉर्म भरला नसला तरी मृताचा विरोध नव्हता एवढे असले की नातेवाईक संमती देऊ शकतात. चष्मा असो, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले असो, वय काही असो, चालते. अडचण आहे ती सहा तासांची. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. कल्याणहून पथक घाटाच्या पायथ्याला रात्री येणार का? मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात एक तंत्रज्ञ शिकवून तयार ठेवला तर येईल. तोवर नेत्रदान हे शहराचे पुण्यकर्म राहणार.

पण रोपणावर फार भिस्त ठेवू नये, हेही आम्ही सांगतो. ज्या डोळ्यात अल्सर चिघळून गेला, रक्तवाहिन्या आत शिरल्या, त्यात नवे बुबुळ टिकण्याची शक्यता कमी होते. टिकले तरी थेंब आणि तपासण्या वर्षानुवर्षे. वीटभट्टीवर जाणाऱ्याला ते कसे झेपणार? मेलेल्या माणसाचे डोळे मागत फिरणाऱ्या व्यवस्थेने जिवंत माणसाचे डोळे आधी वाचवावेत.

म्हणून मागण्या काय कराव्यात, ते आपल्या कार्यकर्त्यांनी ठरवले पाहिजे. आमच्या मते भातकापणीआधी, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास, दर वाडीतल्या आशाताईच्या पेटीत प्रतिजैविकाचे डोळ्याचे मलम आणि रंगाच्या पट्ट्या असाव्यात. यादीत असून चालणार नाही, पेटीत असाव्यात. गावाच्या आरोग्य समितीला अबंधित निधी मिळतो. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चावे लागतात, ते दरवर्षी कुठल्या गटारावर जातात हे ग्रामसभेत विचारले पाहिजे. आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या बारा सेवांमध्ये डोळ्यांची सेवा लिहिलेली आहे, ती कागदावरून खाली उतरवायला लावली पाहिजे. तासातासाला थेंब लागणाऱ्या रुग्णाला भरती करून घेण्याची सोय तालुक्याच्या ठिकाणी हवी. मुंबई-ठाण्याच्या धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के खाटा राखीव आहेत, सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ एए खाली. डोळ्यासाठी ते कलम वापरणारे फार थोडे भेटतात. आणि एका डोळ्याच्या अंधाला ३० टक्क्यांवर अडवणाऱ्या कोष्टकाविरुद्ध, निदान अंगमेहनतीच्या मजुरांपुरते, न्यायालयात जावे लागेल. त्याची कागदपत्रे आम्ही जमवीत आहोत. ज्या वाचकांच्या ओळखीत अशी प्रकरणे असतील त्यांनी प्रमाणपत्राची प्रत जपून ठेवावी, आणि औषधाची बाटली असेल तर तीही.

वाडीत सांगायचे ते एवढेच. कुसळ गेले तर चोळू नका, पदराने किंवा जिभेने काढू नका, अंगावरचे दूध, मध, पाल्याचा रस घालू नका. स्वच्छ पाण्याने धुवा. दुखले, लाल झाले, उजेड सहन होईना तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. कोणी दुकानातले थेंब आणून दिले तर घालू नका.

त्या भगिनींचा अर्ज आम्ही पुन्हा भरला. संजय गांधी योजनेत विधवांनाही अनुदान आहे, त्या रकान्यात त्या बसत होत्या. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला जोडला, उत्पन्नाचा दाखला जोडला. तीस टक्क्यांचे प्रमाणपत्र जोडायची गरज पडली नाही. त्यांनी ते घडी करून पिशवीत ठेवले.